स्टार्टर मऊ पडतात? पाणी कुठेतरी मुरतंय

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये भिशी आमच्याकडे होती. बारा जणी येणार, बाहेर तीन दिवसांची झड लागलेली, आणि मला हुक्की आली की या वेळी आलूबोंडे-तर्री नको, काहीतरी वेगळं करू. फलाफल आणि स्प्रिंग रोल ठरले.

पहिला फलाफल तेलात सोडला. क्षणभर बरा दिसला, मग कडेनं पांढरा फेस उसळला आणि झारा लागायच्या आत त्याची बुंदी झाली. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याच्या वेळी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिली?"

"फलाफल. काबुली चण्याचे वडे असतात, तिकडे अरब देशांतले."

"चणे शिजवले होते?"

"हो ना, कुकरमध्ये. चार शिट्ट्या."

"मग? डाळीच्या वड्याची डाळ कधी शिजवून घेतो का आपण?"

एवढं बोलून त्या परत मालिका बघायला गेल्या.

स्प्रिंग रोल तरी लाज राखतील असं वाटलं होतं. ते मी तासभर आधीच तळून, गरम राहावेत म्हणून कॅसरोलमध्ये भरून ठेवले होते. झाकण उघडलं तर त्याला आतून घाम फुटलेला. एकीनं रोल उचलून विचारलं, "पोळीचे केलेस का गं?"

तेव्हापासून मी या प्रकरणाच्या हात धुऊन मागे लागले. मैत्रिणींच्या तक्रारीही गोळा होत गेल्या: चीजबॉल फुटतो, कटलेट तेल पितं, मोमो चाळणीला चिकटतो, ब्रुस्केट्याचा, म्हणजे वर टमाटर घातलेल्या इटालियन टोस्टचा, पाव भिजतो. वरून पाहिलं तर दहा दुखणी, पण दर वेळी खणत गेलं की खाली एकच सापडतं. पाणी कुठेतरी मुरत असतं, अगदी शब्दशः. सारणात, पिठात, झाकणाखाली, नाहीतर खोलीच्या हवेत. त्यामुळे आता काही बिघडलं की मी कृती बदलत नाही, मसाल्याला हात लावत नाही. आधी एवढंच बघते की यातलं पाणी आत्ता कुठे आहे आणि ते जाणार कुठे.

आधी कढईत काय चालतं ते

तळणं म्हणजे पदार्थातलं पाणी हाकलणं. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसला असतं आणि पाण्याची वाफ १०० अंशांच्या आसपास होते. वडा आत पडला की त्याच्या अंगाजवळचं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर पडायला लागतं. ते तडतडणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. वरचा थर वाळतो, कडक होतो, रंग धरतो.

खरी गोम पुढे आहे. वडा बाहेर काढला की थंड व्हायला लागतो, आतल्या वाफेचं परत पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि अंगाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे पदार्थ जे तेल 'पितो', त्यातलं बरंचसं कढईत नाही, कढईबाहेर आल्यावर पितो. म्हणून झारा उचलला की लगेच ताटाकडे धावायचं नाही. कढईवरच तिरका धरून दहा-पंधरा सेकंद झटकायचा. ही एवढीशी सवय लावल्यापासून आमच्याकडचे कटलेट तेलकट लागत नाहीत. याआधी मी तेलाचा ब्रँड बदलून पाहिला होता. फल्ली तेल झालं, सोयाबीन झालं, फरक काही पडला नाही.

तेल पुरेसं तापलेलं नसेल तर थर धरायला वेळ लागतो आणि पदार्थ तेलात लोळत पडतो. घाईनं एकदम बारा नग सोडले की तापलेलं तेलही झटक्यात थंडावतं. एक लिटर तेलात एका वेळी सहा-सात छोटे नग, त्याहून जास्त नाही. थर्मामीटर नसेल तर लाकडी उलथन्याचं कोरडं टोक तेलात बुडवा. त्याभोवती बारीक बुडबुडे सलग येत राहिले तर तेल तयार आहे. ब्रेडचा चौकोनी तुकडा टाकून पाऊण ते एका मिनिटात सोनेरी झाला तरी तेच. धूर दिसायला लागला म्हणजे तुम्ही पुढे निघून गेलात. गॅस बंद करून तेल थोडं निवू द्या.

फलाफल तेलात विरघळतो

सासूबाईंचा प्रश्न मला तेव्हा टोमणा वाटला होता, पण निदान तेच होतं. चण्यात स्टार्च असतो. तो ओला असताना तापला की फुगतो, चिकट होतो आणि आजूबाजूचं सगळं धरून ठेवतो. शिजवलेल्या चण्यात हे कुकरमध्येच उरकलेलं असतं. शिवाय त्यानं भरपूर पाणी पिऊन ठेवलेलं. असा लगदा तेलात पडला की आतलं पाणी उसळून बाहेर येतं आणि त्याला धरून ठेवायला काही उरलेलं नसतं. भिजवलेल्या पण कच्च्या चण्यातला स्टार्च मात्र कढईतच फुगतो आणि वड्याला आतून बांधतो. आपला डाळवडा, मुंगवडा, भरड्याचा वडा, सगळे याच तत्त्वावर उभे आहेत. लेबनॉन-सीरियाकडे काबुली चणे घेतात, इजिप्तमध्ये याच वड्याला तामिया म्हणतात आणि तो वाळलेल्या फावा बीन्सचा असतो. दोन्हीकडे बिया भिजवतात, शिजवत नाहीत. डबाबंद चणेही शिजवलेलेच असतात, तेव्हा तेही बाद.

माझं आताचं माप असं आहे. २०० ग्रॅम काबुली चणे भरपूर पाण्यात बारा तास भिजवायचे. ते फुगून वजनाला साधारण दुप्पट होतात. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र हे ओट्यावर करू नका. मे महिन्यात रात्री भिजवलेल्या चण्यांवर सकाळी फेस असतो आणि आंबूस वास येतो. तेव्हा चण्यांचं पातेलं सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन तास जास्त द्या. मग चणे निथळून सुती पंचावर पसरायचे आणि वरून दुसऱ्या पंचानं टिपायचे. हा अर्धा तास वाचवायचा मोह होतो. वाचवू नका.

मिक्सरमध्ये एक थेंबही पाणी घालायचं नाही. पात्याला ओढत नाही म्हणून आपला हात सवयीनं पाण्याकडे जातो. त्याऐवजी थोडे थोडे चणे घ्या, बटण थांबून थांबून फिरवा, मधे चमच्यानं खाली लोटा. जाडसर रवा दिसला पाहिजे. पेस्ट झाली तर वडा आतून गिच्च होतो, पार भरड राहिली तर सुटतो. कांदा वेगळा चिरून, मीठ लावून, पिळून मगच घालायचा. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन ओलाच घातला की केलेलं सगळं पाण्यात गेलं. जिरं, धणे, लसूण, हिरवी मिरची आपल्या चवीनं. मग मिश्रण झाकून तासभर फ्रिजमध्ये. अर्धा चमचा बेकिंग पावडर तळायच्या अगदी आधी.

आता परीक्षा. मुठीत थोडं दाबा. गोळा राहिला आणि बोटांच्या फटीतून पाणी आलं नाही तर ठीक. तरीही पहिला एकटाच तळा. तो सुटला तर मिश्रणात दोन चमचे बेसन घाला आणि आणखी वीस मिनिटं थांबा. बेसन नेहमीच घालून ठेवावं असं काहीजण म्हणतात, पण मग तो चवीला भज्याकडे झुकतो. मला ते पटत नाही.

आणि चणे आधीच शिजवून बसला असाल तर? तळायच्या भानगडीत पडू नका, हमस करा, म्हणजे ताहिनी घालून वाटलेली चण्यांची मऊ चटणी. त्याला उलट चणे अगदी गाळ शिजलेलेच लागतात. शिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला की सालं सैल पडतात. ताहिनी म्हणजे तरी काय, हलके भाजलेले तीळ थोड्या तेलाबरोबर गुळगुळीत वाटलेले. ते आपल्या घरात असतातच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. चणे नाहीत म्हणून कुणी याच पद्धतीनं भिजवलेला कच्चा राजमा वाटू नका. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन विषारी असतं, त्यानं जोरदार उलट्या होतात आणि वरवर तळून त्याचा भरवसा धरता येत नाही. राजमा कायम भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्ये पूर्ण शिजवूनच.

स्प्रिंग रोल, आणि सांबारवडीनं शिकवलेलं

विदर्भाबाहेरच्यांसाठी आधी खुलासा. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, डोशाबरोबर येतं ते नव्हे. थंडीत गोकुळपेठेच्या बाजारात सांबाराच्या हिरव्यागार जुड्यांचे ढीग लागले की घरोघर सांबारवडी होते. तिला पुडाची वडीही म्हणतात. बेसन-मैद्याच्या पातळ पारीत सांबार, तीळ, खसखस, खोबरं यांचं सारण, पारीला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला, मग पाकिटासारखी घडी घालून तळायची. सोबत कढी.

हा आमचा स्प्रिंग रोलच आहे, आणि तो कधी मऊ पडत नाही. का? माझी आई सांबारवडीच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच सांबार धुवायची आणि जुन्या धोतरावर पसरून पंख्याखाली रात्रभर ठेवायची. सकाळी हाताला ओलसरपणाही लागत नसे. चिरल्यावर थोड्या तेलावर नुसतं परतायची आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पारीला हात लावू द्यायची नाही. चिंचेचा कोळही बोटानं माखण्याइतका घट्ट. आम्ही भाऊ-बहिणी कंटाळायचो. आता लक्षात येतं की ती वडीतलं पाणी आदल्या दिवसापासून काढत होती.

आणि मी स्प्रिंग रोलला काय करत होते? किसलेली पत्ताकोबी, गाजर, शिमला मिरची, सगळं एकदम कढईत. कोबीत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. कढई गच्च भरली की ते उडून जायला जागा मिळत नाही आणि भाजी आपल्याच पाण्यात शिजते. त्यावर सोया सॉस, म्हणजे आणखी पाणी आणि आणखी मीठ, आणि मीठ उरलेलं पाणीही ओढून बाहेर काढतं. असं वाफाळतं सारण मी पातळ पारीत गुंडाळत होते. पारी तेलात जायच्या आधीच आतून भिजलेली असायची.

आता अर्धा किलो कोबी पातळ उभी चिरते, किसत नाही. चमचाभर मीठ चोळून वीस मिनिटं चाळणीत ठेवते आणि दोन्ही हातांनी पिळते. अर्धी वाटी पाणी सहज निघतं. ते कणकेत जातं. मग लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवून, भाजी दोन हप्त्यांत, मोठ्या आचेवर, दोन-दोन मिनिटं. सोया सॉस एकच चमचा, कडेनं, शेवटी. गॅस बंद केल्यावर चमचाभर कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवते; उरलंसुरलं पाणी ते धरून ठेवतं. सारण परातीत पसरून पंख्याखाली. तळहाताला गार लागलं पाहिजे, 'कोमट चालेल' असं म्हणायचं नाही.

पारीचं दुखणं मोसमाप्रमाणे उलटं होतं आणि इथे बाहेरगावच्या कृती आपल्याला दगा देतात. फ्रिजरमधल्या तयार शीट रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायच्या. त्या ओल्या फडक्याखाली ठेवा असं सगळीकडे सांगतात. मे महिन्यात ते खरं आहे, पारा ४५ च्या घरात असतो आणि उघड्या शीटच्या कडा दोन मिनिटांत पापडासारख्या तडकतात. पण झडीच्या दिवसांत ओलं फडकं टाकलं की शीट एकमेकींना चिकटून बसतात. तेव्हा कोरडा नॅपकिन पुरे.

रोल तेलात फुटतो तो बहुधा आत राहिलेल्या हवेमुळे. सारण दोन चमचेच घ्या, पहिला वेढा बोटांनी मागे ओढून घट्ट दाबा, दोन्ही कडा आत दुमडा आणि शेवट मैद्याच्या खळीनं चिकटवा. खळ दाट हवी. दोन चमचे मैद्याला तीन चमचे पाणी. पाण्याचं बोट फिरवून चिकटवलेला रोल तेलात उघडतोच.

तळताना दोनदा. आधी १६० अंशांच्या आसपास दोन-तीन मिनिटं, फिकटच बाहेर काढायचे. पाहुणे आले की १८० अंशांवर मिनिटभर, रंग येईपर्यंत. पहिल्या फेरीनंतर पारीतलं उरलेलं पाणी बाहेरच्या थराकडे सरकतं, दुसरी फेरी ते उडवून लावते. तयारी आधी करून ठेवायची असेल तर ही पद्धत सोन्यासारखी आहे, कॅसरोलची गरजच पडत नाही.

छोटी संत्री

इटलीत सिसिलीकडे उरलेल्या भाताचे गोळे करून, आत चीज भरून तळतात. नाव आरांचिनी, आणि अर्थ चक्क 'छोटी संत्री'. नागपूरकरानं हा पदार्थ केला नाही तर कुणी करायचा! पण इथे दुखणं वेगळंच आहे: गोळा वळतच नाही. आपला भात मोकळा होतो याचाच आपल्याला अभिमान. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला एचएमटी तांदूळ आमच्याकडे घरोघर असतो, आणि तो जुना असला की शीत न शीत वेगळं होतं. वरणभाताला याहून चांगलं काही नाही, गोळ्याला मात्र कामाचं नाही.

नवा तांदूळ चिकट होतो, तो मिळाला तर उत्तम. थोडं जास्त पाणी घालून शिजवा आणि गरम असतानाच घोटा. जुनाच असेल तर शिजलेल्या भाताचा तिसरा हिस्सा मिक्सरमधून भरड फिरवून बाकीच्यात कालवा. तोच डिंकाचं काम करतो. किसलेलं चीज, मिरपूड, चमचाभर कॉर्नफ्लोअर, आणि ताटात पसरून दोन तास फ्रिजमध्ये. उरलेला भात घेणार असाल तर तो शिजल्यापासून तासाभरात फ्रिजमध्ये गेलेला हवा. उन्हाळ्यात दुपारभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंनी सोडलेलं विष तळूनही जात नाही.

चीजबॉलला आणि याला वरचं कवच सारखंच. मैदा-कॉर्नफ्लोअरच्या दाटसर घोळात बुडवून कोरड्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा, दहा मिनिटं थांबा आणि परत एकदा घोळ, परत चुरा. एकाच थरात कुठेतरी केसाएवढी फट राहते आणि वितळलेलं मोझरेला तिथूनच वाट काढतं. तळण्याआधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. आलू घालत असाल तर ते सालासकट अख्खे उकडा, सोलून फोडा आणि वाफ पूर्ण निघून गेल्यावरच कुस्करा. चिरून उकडलेला आलू पाणी पितो, आणि तेच पाणी पुढे बॉल फोडतं. सारण सैल झालंच तर ब्रेड कोंबत बसू नका. मूठभर पोहे कोरडे भाजून, चुरून घाला. नागपूरच्या घरात एक वेळ मीठ संपेल, पोहे संपत नाहीत.

मोमो आणि ब्रुस्केटा, उभ्या उभ्या

मोमो वरून चिकट होतात ते झाकणावरून टपकणाऱ्या पाण्यानं. मोदकाच्या वेळी झाकणाला फडकं बांधतो ना, तेच करा. खाली चाळणीला तेलाचा हात, नाहीतर कोबीचं पान. सारणातली कोबी वरच्यासारखीच पिळलेली.

ब्रुस्केट्याला टमाटर चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत निथळवा. पाव तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक करून त्यावर लसणाची पाकळी आणि तेल फिरवा. टमाटर पाहुण्याच्या हातात द्यायच्या क्षणी वर घाला. आधी मांडून ठेवलेला ब्रुस्केटा वाचवण्याचा उपाय नाही.

सोबतचं संत्र्याचं सॉस कडू होतं

हे पाण्याचं दुखणं नाही, पण नागपुरात इतक्यांदा विचारलं जातं की सोडवत नाही. डिसेंबरात घरात संत्र्यांची पेटी असते, म्हणून आपण रस काढतो, साखर-मिरची घालून आटवतो, आणि सॉस कडू जहर होतं. मग दोष संत्र्यांना, नाहीतर विकणाऱ्याला.

दोष त्या दोघांचाही नाही. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही तासांनी कडवट होतो, हा त्याचा स्वभावच आहे. फळात जे द्रव्य बेचव असतं ते रसातल्या आंबटपणानं हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतं, आणि लिमोनिन कडू. बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत ते जास्त असतं. मिक्सरमध्ये फिरवलं की बिया चिरडल्या, आणि आटवलं की तोच बदल भराभर होतो. आपण दोन्ही करतो.

मी आता सॉसचा पाया वेगळा शिजवते: अर्धी वाटी पाणी, पाव वाटी व्हिनेगर, पाव वाटी साखर, ठेचलेला लसूण, भिवापुरी मिरचीचे दोन भरडलेले तुकडे आणि थोड्या पाण्यात कालवलेलं दीड चमचा कॉर्नफ्लोअर. खळीसारखं घट्ट झालं की उतरवून कोमट होऊ द्यायचं. मग संत्री आडवी कापून, बिया टोचून काढून, हातानं हलकेच पिळायची, गाळायची, आणि तो अर्धी वाटी ताजा रस शेवटी ढवळायचा. परत गॅसवर ठेवायचं नाही. वास कमी वाटला तर सालीचा फक्त केशरी भाग किसून घाला, खालचा पांढरा नको. हे सॉस त्याच दिवशी संपवायचं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास यायला लागतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये; दोन्हींचं सॉस याच पद्धतीनं करते.

तळून झाल्यावरचे घात

इतकं सगळं सांभाळून शेवटी आपण तळलेले रोल पेपर नॅपकिनवर ढिगानं रचतो. कागद तेल शोषतो हे खरं, पण खालची वाफही तिथेच अडकते आणि दहा मिनिटांत बूड मऊ होतं. त्यापेक्षा तारेची जाळी घ्या, केक गार करायची असते ती, किंवा स्टीलची मोठी चाळणी उलटी घाला. एकावर एक रचू नका. तेल टिपायचंच असेल तर मिनिटभर कागद, मग जाळी.

कॅसरोल, फॉइल, घट्ट झाकणाचा डबा, तिन्ही वर्ज्य. गरम पदार्थ वाफ सोडत असतो. झाकलं की ती वाफ पाणी होऊन परत त्याच्याच अंगावर पडते. कुणाकडे न्यायचंच असेल तर पूर्ण गार करून न्या आणि तिथे एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर चार-पाच मिनिटं गरम करा. एअर फ्रायर नसेल तर कोरडा तवा, मंद आच, उलटसुलट. मायक्रोवेव्हमध्ये आतलं पाणी बाहेर येऊन कवच भिजवतं, म्हणून तो नको.

सगळं नीट करूनही एका गोष्टीनं मला बराच काळ चकवलं. मे महिन्यात बाहेरची हवा भाजून काढणारी, कोरडी ठणठणीत. पापड गच्चीवर तासाभरात कडक. तरी हॉलमध्ये ठेवलेले रोल वीस मिनिटांत माना टाकायचे. स्वयंपाकघरात जाळीवर राहिलेले चार मात्र तासाभरानंतरही कुरकुरीत. तेल तेच, सारण तेच, हात तेच. मग एकदा उकाड्यात कूलरसमोर बसून चिवडा खाताना उजेड पडला. कूलर म्हणजे ओल्या वाळ्यातून हवा ओढून खोलीत सोडणारा पंखा. तो हॉल गार करतो तो हवेत पाणी सोडूनच, आणि आम्ही टीपॉय बरोब्बर त्याच्या झोतात मांडत होतो.

आता उन्हाळ्यात पाहुणे आले की कूलर हॉलमध्ये आणि जाळी ओट्यावर. दुसऱ्या फेरीचं तेल तापलेलं असतं, ज्याला रोल हवा त्यानं उठून कढईपाशी यायचं. सासूबाई तेवढ्या उठत नाहीत. त्यांची प्लेट नेऊन द्यावी लागते, फलाफलाबरोबर कढीची वाटी ठेवून.